मित्रांसोबत पहिली हॅकेथॉन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की ज्युनिअर मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, आम्ही चौघं मिळून नाव देतोय. काय काय लागतं?" मी सांगली जिल्ह्यातली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे एसईला असताना तीन मित्रमैत्रिणींबरोबर पहिल्यांदा २४ तासांच्या हॅकेथॉनला गेले, नंतर आणखी पाच केल्या. आता दोन वर्षं कॉलेजच्या अंतर्गत फेरीत मुलांच्या मदतीला जाते. फोनवर सांगते तेच इथे लिहून ठेवलं आहे. माझं मत जिथे ठाम आहे तिथे ते ठामपणेच मांडलं आहे.

हॅकेथॉन म्हणजे हॅकिंगची स्पर्धा का?

नाही. कोणाचं खातं फोडणं, पासवर्ड चोरणं याच्याशी तिचा काही संबंध नाही. ठरावीक तासांत, छोट्या टीमने, एखाद्या प्रश्नावर काहीतरी चालतं बनवून दाखवायचं, एवढंच. हा शब्द १९९९ पासून रूढ झाला. त्या वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारे दहाएक प्रोग्रामर एकत्र बसले. सांकेतिकीकरणाच्या सॉफ्टवेअरवर तेव्हा अमेरिकेत निर्यातीचे निर्बंध होते, म्हणून ते काम कॅनडात बसून केलं. म्हणजे मुळात ती स्पर्धा नव्हतीच. एकत्र बसून अडलेलं काम पुढे नेणं होतं. बक्षिसं आणि परीक्षक नंतर आले.

आपल्याकडचं मला आवडणारं उदाहरण नाशिकचं आहे. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने तिथे 'कुंभथॉन' भरली. गर्दी आणि आरोग्य असे मेळ्यातले खरे प्रश्न घेऊन मुलं कामाला बसली. प्रश्न गावातलाच होता आणि तो ज्यांना भोगावा लागणार होता ती माणसंही तिथेच होती.

पहिल्यांदाच जातोय. कुठली हॅकेथॉन निवडावी?

स्वतःच्या कॉलेजची, नाहीतर तासा-दोन तासांच्या अंतरावरची, २४ तासांची. पहिल्या खेपेला लांबचा प्रवास, अनोळखी शहर आणि रात्रभर जागरण हे तिन्ही एकदम अंगावर घेऊ नका. अनस्टॉप आणि डेव्हफोलिओ या संकेतस्थळांवर चालू स्पर्धांच्या याद्या असतात. अंतराळाची आवड असेल तर नासाची स्पेस अॅप्स चॅलेंज आहे. ती २०१२ पासून भरते, भाग घ्यायला पैसे लागत नाहीत आणि टीम सहा जणांपर्यंतची चालते. जिथे नोंदणीची फी मोठी असते आणि परीक्षक कोण, निकष काय हे कुठेच लिहिलेलं नसतं, तिथे नाव देऊ नका.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला थेट उतरता येतं का?

थेट नाही, कॉलेजमार्फत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा इनोव्हेशन सेल आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) ही स्पर्धा २०१७ पासून घेतात. मंत्रालयं, सरकारी विभाग आणि उद्योग आपले प्रश्न देतात, त्यांतला एक निवडायचा. टीम बरोब्बर सहा जणांची, सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक मुलगी. आधी कॉलेजची अंतर्गत हॅकेथॉन होते. त्यातून निवडलेल्या टीमची नावं कॉलेजचे समन्वयक, म्हणजे ज्यांना सगळे 'एसपीओसी सर' (सिंगल पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट) म्हणतात, ते पोर्टलवर भरतात. मग पीपीटीची छाननी होते आणि शेवटी देशभरातल्या नोडल केंद्रांवर अंतिम फेरी भरते. सॉफ्टवेअरवाल्यांना सलग ३६ तास मिळतात, हार्डवेअरवाल्यांना पाच दिवसांची फेरी असते. नियम वर्षागणिक थोडे बदलतात. सीनिअरच्या आठवणीवर विसंबू नका, माझ्याही नाही. त्या वर्षीची मार्गदर्शिका स्वतः वाचा.

पीपीटीबद्दल एकच सांगते. दिलेला साचा मोडू नका. निकषांत कल्पनेचं नावीन्य, गुंतागुंत, मांडणीची स्पष्टता, व्यवहार्यता, टिकाऊपणा, किती लोकांना उपयोग होईल आणि वापरणाऱ्याचा अनुभव, हे सगळं असतं. पण बहुतेक मुलं नुसत्या नावीन्यावर तीन स्लाइड खर्च करतात. व्यवहार्यतेला मात्र एक ओळ देतात.

टीममध्ये जिवलग मित्रच घ्यावेत का?

घ्या, पण कामं वेगळी असलेले घ्या. चौघंही बॅकएंडवाले, म्हणजे पडद्यामागचा कोड लिहिणारे, असले तर स्क्रीन कोण करणार? आम्ही चौघं असे होतो : एक जण कोडमध्ये पक्का, एक इलेक्ट्रॉनिक्सचा, मी फ्रंटएंड, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी पानं, आणि मांडणी बघायची, आणि एका मैत्रिणीला कोड फारसं येत नव्हतं पण ती वाट्टेल त्या माणसाशी बोलून माहिती काढायची. त्या २४ तासांत सगळ्यांत जास्त उपयोग तिचा झाला.

कँटीनमध्ये छान जमतं म्हणून पहाटे चारला जमेलच असं नसतं. जायच्या आधी एखाद्या रविवारी सहा तास एकत्र बसून काहीतरी छोटं बनवून बघा. कोण गप्प होतं, कोण चिडतं आणि कोण दिलेलं काम झालं नाही हे शेवटच्या मिनिटाला सांगतं, हे त्या सहा तासांत कळतं.

टीममध्ये मुलगी लागतेच, मग नाव टाकण्यापुरती कोणीतरी घेतली तर?

हा प्रश्न मला दरवर्षी येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हेही मला माहीत आहे. तरी स्पष्ट सांगते : असं करू नका. शेवटच्या दिवशी फॉर्म भरताना "तुझं नाव टाकतोय, तुला काही करायचं नाही" असं मलाही एकदा सांगितलं गेलं होतं. मी नकार दिला. वर्गात माझ्यापेक्षा हुशार असलेल्या एका मुलीने होकार दिला, आणि ३६ तास तिच्याकडे कोणी काम दिलं नाही. तिने पुन्हा कधीच नाव दिलं नाही. कोणाला घ्यायचं हे ऑगस्टमध्ये ठरवा आणि विषय निवडायच्या पहिल्या बैठकीलाच बोलवा. आणि मुलींना सांगते, जाण्याआधी विचारा : माझ्याकडे कुठलं काम आहे? उत्तर आलं नाही तर स्वतःची टीम काढा. सहाच्या सहा मुली असलेली टीमही चालते.

मला कोडिंग येत नाही. येऊ का?

या. माहिती गोळा करणं, फिग्मा या डिझाइनच्या साधनात स्क्रीन आखणं, चाचणी घेणं, सादरीकरण करणं ही खरी कामं आहेत. फक्त गिटचं (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) जुजबी ज्ञान घेऊन या, म्हणजे स्वतःचं काम स्वतः रेपोत, टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, टाकता येईल.

विषय कसा शोधायचा?

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

आमचं काय झालं ते सांगते. पहिल्या हॅकेथॉनला 'शेती' असा मोघम विषय होता. आम्ही ठरवून गेलो होतो की द्राक्षाच्या पानाचा फोटो काढला की रोग ओळखणारं अॅप करायचं. हॉलमध्ये पोचल्यावर कळलं की आणखी चार टीम पानांचे फोटोच घेऊन बसल्यात. आमच्यातल्या एकाची तासगावला दीड एकर द्राक्षबाग आहे. रात्री नऊला त्याने वडिलांना फोन लावला आणि मैत्रिणीने तो स्पीकरवर घेतला. काका म्हणाले, "पानावर डावणी आलीय का भुरी, ते मला लांबनं दिसतंय. कुठलं औषध कवा मारलं आणि आता माल कवा उतरवता येईल, ते सांगणारं काहीतरी करा."

निर्यातीच्या द्राक्षाला औषधाच्या अंशाची मर्यादा कडक असते. प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस जावे लागतात. बागायतदार त्याला 'पीएचआय' म्हणतात. काकांची नोंद होती खिशातल्या डायरीत, निम्मी पानं पाण्याने पुसट झालेली. जानेवारी होता, बाग उतरायला महिना राहिला होता. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतून आम्ही चाळीस औषधांचे दिवस हाताने टाइप केले आणि एकच स्क्रीन बनवली : औषध निवडा, तारीख टाका, काढणी कधीपासून चालेल ते बघा. कुठलंही मशीन लर्निंग नाही. परीक्षक आमच्या टेबलावर सगळ्यांत जास्त वेळ थांबले.

म्हणून मी सगळ्यांना विचारते : तुमच्या फोनमध्ये असा कोणाचा नंबर आहे का, ज्याला हा प्रश्न रोज छळतो? आई अंगणवाडीत असेल, मामा एसटीत कंडक्टर असेल, शेजारच्या काकूंची खानावळ असेल. नंबर नसेल तर विषय बदला. माहितीचे साठेही आधीच बघून ठेवा. बाजारभावासाठी अॅगमार्कनेट, सरकारी आकडेवारीसाठी डेटा डॉट गव्ह डॉट इन, नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप. मराठी बोलणं लिहून घ्यायचं किंवा भाषांतर करायचं असेल तर केंद्र सरकारची 'भाषिणी' सेवा आहे.

जायच्या आधी किती शिकावं लागतं?

नवीन काहीच नाही, जे येतं तेच पक्कं करा. हॅकेथॉनच्या रात्री नवी फ्रेमवर्क (कोड लिहायचा तयार सांगाडा) शिकायला घेतलेली टीम मी तरी वेळेत पोचलेली पाहिली नाही. रिकामा प्रोजेक्ट तयार करून तो नेटवर चढवणं, म्हणजे डिप्लॉय करणं, आधी एकदा करून बघा. लॉगिनचं पान पहिल्या खेपेला गाळाच. त्यात चार तास जातात आणि परीक्षक ते दहा सेकंदही बघत नाहीत.

बॅगेत काय न्यावं?

एक्स्टेंशन बोर्ड. हे पहिलं, कारण टेबलाजवळ प्लग एकच असतो आणि लॅपटॉप चार. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेले फोन, म्हणजे हॉलचं वायफाय बसलं तरी एकाचा तरी हॉटस्पॉट चालेल. कॉलेजचं ओळखपत्र, बोनाफाईड, चादर, टूथब्रश, पाण्याची बाटली. आम्ही भडंगाचा मोठा डबा न्यायचो. हात चिकट होत नाहीत आणि शेजारच्या टीमशी ओळख त्या डब्यावरूनच व्हायची.

हार्डवेअरवाल्यांनी प्रत्येक सेन्सर जोडीने न्यावा, आणि मल्टिमीटरही. एक चूक इतक्यांकडून होते की लिहूनच ठेवते : ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो आणि अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट देते. मधे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा, नाहीतर पहाटे बोर्ड जळतो आणि दुकान उघडायला दहा वाजतात.

२४ तासांची वाटणी कशी करायची?

सकाळी दहाला सुरुवात धरू. पहिले दोन तास लॅपटॉप बंद ठेवा आणि कागदावर एका माणसाची गोष्ट लिहा : तो अॅप उघडतो, काय दाबतो, त्याला काय दिसतं. त्या गोष्टीत जे येत नाही ते करायचं नाही. दुपारी चारपर्यंत खोटी माहिती भरलेली का असेना, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाणारी वाट तयार हवी. संध्याकाळभर खोट्या माहितीच्या जागी खरी घाला. रात्री अकराला थांबून चौघांनी ती वाट एकदा चालून बघा आणि जे अडतंय त्याची यादी करा. यादी अर्धी होईल इतकी कापा. कापताना वाईट वाटतं, कारण प्रत्येक गोष्ट कोणाची तरी लाडकी असते.

मग झोपा. दोघं दोघं करून तीन-तीन तास. न झोपणं म्हणजे शौर्य असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. पहाटे लिहिलेल्या कोडातले दोष शोधण्यात सकाळ जाते, आणि बोलायच्या वेळी जीभ अडखळते ती वेगळीच. सकाळी सातनंतर नवीन काहीही जोडू नका. तेवढ्या वेळात बोलण्याचा सराव करा.

मेंटॉर (मार्गदर्शक) येऊन सगळंच बदला म्हणाले तर?

ऐकून घ्या, लिहून घ्या, आणि लगेच काही मोडू नका. एक मेंटॉर ब्लॉकचेन घाला म्हणतील, तासाभराने दुसरे काढा म्हणतील. दोघंही आपापल्या अनुभवातून बोलत असतात. ते गेल्यावर विचारा : हे ज्या माणसासाठी चाललंय, त्याला याने फरक पडतो का? पडत असेल तर करा. पण पुढच्या फेरीला तेच मेंटॉर आले तर काय घेतलं आणि काय का घेतलं नाही, हे सांगता आलं पाहिजे.

आमच्यात भांडण झालं तर?

होईल. आमच्यात पहाटे चारला झालं आणि चूक माझी होती. एकाच फाइलमध्ये आम्ही दोघं काम करत होतो. माझं पुश होईना, म्हणजे काम रेपोत चढेना, म्हणून मी फोर्स पुश केलं, म्हणजे रेपोत असेल ते पुसून माझं चढवलं, आणि त्याचं दोन तासांचं काम रेपोतून गेलं. त्यानेही घाईत आपली प्रत रेपोप्रमाणे करून घेतली. गिटच्या रिफ्लॉगमधून, म्हणजे जुन्या बदलांच्या नोंदीतून, ते परत काढता आलं असतं, पण त्या वेळी कोणालाच आठवलं नाही. तो काही बोलला नाही, उठून बाहेर गेला. मैत्रीण त्याच्या मागे गेली. मी हॉलमध्ये बसून ते काम पुन्हा लिहायला घेतलं, माझ्याच्याने जमेल तसं. अर्ध्या तासाने तो आला, शेजारी बसला आणि म्हणाला, "सरक, मी सांगतो, तू टाइप कर." पन्नास मिनिटांत झालं.

त्यातून आम्ही दोन नियम केले, ते अजून पाळतो. प्रत्येकाची ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, वेगळी, आणि मेन या मुख्य शाखेत मिसळायचं काम एकाच माणसाचं. दुसरा नियम असा की रात्री बारानंतर कोणाच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. "हे असं असं अडतंय" एवढंच म्हणायचं. एखादा अगदीच बोलेनासा झाला तर दोघांनी मिळून चहाला जा आणि टेबलावर परत येईपर्यंत प्रोजेक्टचं नाव काढू नका.

एआयकडून कोड लिहून घेतला तर चालतो का?

आधी नियम वाचा. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी कुठे वापरला ते सांगावं लागतं. चालत असला तरी जे समजलं नाही ते ठेवू नका. परीक्षक एखाद्या फंक्शनवर बोट ठेवून "हे काय करतं?" असं विचारतात, आणि तिथे टीम गप्प झाली की पुढच्या कशावरच विश्वास बसत नाही. आणखी एक : एपीआय की, म्हणजे बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली, कोडात लिहून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकू नका. सार्वजनिक रेपोत की शोधत फिरणारे बॉट असतात. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे रेपोत न घ्यायच्या फाइलींच्या यादीत, घाला.

ऐन वेळी डेमो बंद पडला तर?

चालत असतानाच, आदल्या रात्री, स्क्रीनचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करून दोन फोनांवर ठेवा. मोफत होस्टिंगवर काही मिनिटं कोणी आलं नाही की सर्व्हर झोपतो आणि जागा व्हायला मिनिटभर घेतो. आमच्या दुसऱ्या स्पर्धेत ते मिनिट परीक्षकांसमोर गेलं. तेव्हापासून पाळी यायच्या दहा मिनिटं आधी एक जण लिंक उघडून बसतो.

मी मराठी माध्यमाची. इंग्रजीत बोलायची भीती वाटते.

मीही मराठी माध्यमाचीच. पहिल्यांदा मी इंग्रजीत पाठ करून गेले आणि तिसऱ्या वाक्याला अडकले. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "मराठीत सांग ना." मग काकांचा फोन, डायरीतली पुसट पानं, काढणीची तारीख हे सगळं एका दमात सांगून झालं. महाराष्ट्रातल्या स्पर्धेत "मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. राज्याबाहेर गेलात तर हिंदी आहेच. इंग्रजीतली सुरुवातीची चार वाक्यं मात्र पक्की करा : कोणासाठी, त्याची अडचण काय, आम्ही काय केलं, आता चालवून दाखवतो. त्यानंतर स्क्रीन बोलते. आणि टीममध्ये ज्याचं इंग्रजी चांगलं त्यानेच बोलायचं असं काही नाही. ज्याने त्या माणसाशी फोनवर बोलणं केलं, त्याने बोलावं.

घरचे रात्रभर बाहेर राहू देत नाहीत.

त्यांची काळजी खोटी नाही. "सगळेच जातात" म्हणून भांडू नका, माहिती द्या. आयोजकांना आधीच विचारा : मुलींसाठी वेगळी विश्रांतीची खोली आहे का, रात्री महिला प्राध्यापक हजर असतात का, हॉलमधून बाहेर पडताना नोंद होते का. उत्तरं लेखी घ्या आणि घरी दाखवा. सरांचा आणि एका मैत्रिणीच्या आईचा नंबर देऊन ठेवा. माझे बाबा पहिल्या वेळी स्वतः सोडायला आले, हॉल बघितला, चहा घेतला आणि परत गेले. त्यानंतर त्यांनी कधी अडवलं नाही. पण आयोजकांनी यातलं एकही उत्तर नीट दिलं नाही, तर घरच्यांचं ऐका आणि दुसरी हॅकेथॉन बघा.

काहीच बक्षीस मिळालं नाही तर?

आम्हालाही पहिल्या वेळी मिळालं नाही. निकालानंतर परीक्षकांकडे जाऊन "कुठे कमी पडलो?" असं विचारा, बहुतेक जण मनापासून सांगतात. आणि निघायच्या आधी जिंकलेल्या टीमचा डेमो बघून या.

परत आल्यावर प्रोजेक्टचं काय करायचं?

आठवड्याच्या आत रीडमी लिहा. काय आहे, कसं चालवायचं, कोणी काय केलं, दोन स्क्रीनशॉट. नंतर लिहू म्हटलं की सबमिशन येतात आणि ते राहून जातं. मुलाखतीत मला त्या एका रेपोवर जेवढे प्रश्न आले तेवढे गुणपत्रिकेवर आले नाहीत.

आणि ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातात नेऊन द्या. फेब्रुवारीत आम्ही चौघं तासगावला गेलो. काकांनी फोन घेतला, पंपाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसून अकरा फवारण्या भरल्या आणि बाराव्या वेळी थांबले. "ह्यात एका टायमाला एकच औषध येतंय. आमी टाकीत दोन-दोन एकत्र मारतो." आमच्यापैकी कोणालाच ते सुचलं नव्हतं. दोन औषधं असली तर ज्याचे दिवस जास्त ते धरायचे, एवढाच बदल होता. मित्राने तिथेच लॅपटॉप उघडला, मी शेजारी बसले. काकूंचा चहा येईपर्यंत ते झालं, आणि काकांनी बारावी फवारणी भरली.